डालगं

माइक बंद होता, हे आम्हाला नंतर कळलं.
तोवर द्रुपदाबाई गवसाने सांगून मोकळी झाली होती,
शाळेच्या ओट्यावर, तिसरीच्या वर्गाबाहेर,
पदराचं कोरडं टोक पिळत.
अंबादासने हेडफोन मानेवर उतरवला
आणि माझ्याकडे असं बघितलं
की मीच शरमले.

"मावशी, पुन्हा एकदा सांगाल?"

तिला वाटलं, तिचंच काही चुकलं.

सकाळी सीनेच्या पुलाजवळ
मी गुडघाभर पाण्यात उभी होते.
कानात मुंबईचा आवाज :
अजून दोन पावलं आत जाता येईल का?
मे महिन्यातही इथंच उभी होते मी,
याच जागी, पायाखाली भेगा,
मातीचं ढेकूळ कॅमेऱ्यासमोर चुरडत.
(पहिली दोन नीट फुटलीच नाहीत. तिसरं फुटलं.)
मागे पोरं नदीत क्रिकेट खेळत होती,
त्यांना म्हटलं, जरा फ्रेमबाहेर व्हा रे.
त्यांचे दगडांचे स्टंप आता कुठं असतील,
कुडलच्या संगमापल्याड,
नाहीतर थेट कर्नाटकात.

दोन पावलं आत गेले.
पाण्याला डिझेलचा वास होता
आणि भिजून आंबलेल्या उडदाचा.
"थेट सोलापूरहून," म्हणाले,
पुढचे चाळीस सेकंद मला आठवत नाहीत.
ते तोंडालाच पाठ आहेत.

तर ते पहिलं सांगणं,
जे कुठल्याच कार्डावर नाही :

"रात्री दोनला पाणी उंबऱ्याला लागलं.
नातू खांद्यावर घेतला, शेळीचं दावं कापलं,
चूल इझली का बघाया माघारी वळले.
कशाला वळले काय की,
पाण्यानंच इझवली असती की ती.
मारुतीच्या पारावर चढल्यावर ध्यानात आलं,
कोंबड्या डालग्याखाली झाकल्यात.
वर पाटा ठिवलाय, मांजराच्या भ्यानं.
मीच ठिवला की ओ बाई,
चांगला जड बघून ठिवला."

आणि ती हसली थोडीशी,
आपल्याच शहाणपणाला हसावं तशी.

दुसऱ्यांदा, लाल दिवा लागल्यावर,
तिनं पदर डोक्यावर घेतला,
मला सोडून काचेकडं बघितलं, म्हणाली,
"सगळं गेलं. सरकारनं कायतरी बघावं."
अकरा सेकंद.
डेस्कला फार आवडलं.
दिवसभर चाललं, खाली पट्टी : सगळं गेलं.

मी विचारलं होतं, खोटं कशाला बोलू,
"मावशी, ते कोंबड्यांचं?"
"ऱ्हाऊ दे," म्हणाली,
"लोकांची माणसं गेल्यात,
आन् मी कोंबड्या काय सांगू टीव्हीवर."

परतताना अंबादास बोलला नाही.
फक्त होटगी रोडला लागल्यावर म्हणाला,
शाळेत वाटल्या त्या चादरी आपल्या नव्हत्या.
त्याच्या वडिलांची उमर मागावर गेली,
त्याने येता-जाता एक चादर
दोन बोटांत धरून बघितली होती.
पानिपतच्या असतील, म्हणाला.
मग अशोक चौकात उतरला,
कॅमेरा पोटाशी धरून,
पाऊस नसताना.

घरी पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता.
बुटातून चमचाभर सीना निघाली,
ती मोरीत ओतली.
ओट्यावर आईनं जेवण झाकून ठेवलेलं,
परात पालथी, परातीवर खलबत्ता,
मांजराच्या भीतीनं.

खलबत्ता दोन्ही हातांनी उतरवला.
परात उचलली.
भाकरी होती. शेंगाचटणी होती, कांदा होता.
सगळं जागच्या जागी होतं.
मी तशीच उभी राहिले परात धरून,
फ्रिजची घरघर सुरू झाली, थांबली,
पुन्हा सुरू झाली.

सातला लाइव्ह आहे, दुसऱ्या गावातून.
थोडं झोपायला हवं.
उरलेली अर्धी भाकरी उघडीच ठेवलीय.
मांजर आलं तर येऊ दे.